गाडी उभी करायची कोणी?

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलेला भरलेला ट्रक नवले पुलाकडे निघाला की सात-आठ किलोमीटर उतारच उतार लागतो. हा घाट घाटासारखा दिसत नाही. रस्ता रुंद, वळणं सौम्य, दोन्ही अंगांना सोसायट्या आणि हॉटेलं. बंगळूरच्या बाजूने रात्रभर गाडी हाकत आलेल्या ड्रायव्हरला उतार कळतो तो बहुतेक वेळा उशिरा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने डझनावारी वाहनं चिरडली. १३ नोव्हेंबर २०२५ ला याच पट्ट्यात कंटेनरच्या धडकेनंतर गाड्या पेटल्या आणि माणसं होरपळून मेली. अशा अपघाताच्या पहिल्या बातमीत ‘ब्रेक निकामी’ हे कारण ठरल्यासारखं येतं. २०२२ च्या अपघाताबाबत मात्र पोलिसांनी पुढे सांगितलं की ट्रक इंजिन बंद करून उतारावर सोडलेला होता.

प्रशासनाने त्यानंतर वेगमर्यादा घटवली, रम्बलर पट्टे टाकले. ते हवंच होतं. पण उताराच्या पायथ्याशी कोसळणारा ट्रक बिघडायला तिथे सुरुवात झालेली नसते. ती आठवड्यांपूर्वी, कुठल्यातरी गोदामाच्या आवारात झालेली असते, आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी ती लक्षातही आलेली असते. अवजड वाहनांच्या देखभालीचा सगळा प्रश्न या ‘कोणाच्या तरी’भोवती फिरतो. ज्याला दोष दिसतो त्याला गाडी थांबवता येत नाही, आणि ज्याला थांबवता येते तो गाडीजवळ नसतो.

आधी ब्रेकचंच पाहू, कारण घाटांच्या या राज्यात तोच जीवनमरणाचा भाग. दहा चाकी ट्रकचं मालासकट कायदेशीर वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टनांवर नेण्यात आलं. एवढं धूड शंभर मीटरला पाच मीटर अशा उतारावरून ताशी ६० किलोमीटरने, वेग न वाढू देता उतरवायचं असेल, तर रस्त्याचा आणि हवेचा रोध वजा जाऊनही पावणेदोनशे किलोवॅटच्या आसपास शक्ती सतत कुठेतरी जिरवावी लागते. घरातले दोन किलोवॅटचे ऐंशी-नव्वद गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी ती. इंजिन गिअरमध्ये असेल तर ते आणि एक्झॉस्ट ब्रेक यांतला मोठा वाटा उचलतात. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर सगळी उष्णता चाकांच्या ड्रममध्ये. वेग निम्मा केला तर दर सेकंदाची उष्णताही निम्म्यावर येते. खालच्या गिअरमध्ये घाट उतरण्याचं जुन्या ड्रायव्हरांचं शिस्तीचं वळण या हिशेबावरच उभं आहे.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये साधारण आठ बार दाबाने हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, तिथला दांडा पुढे सरकतो, स्लॅक अॅडजस्टर फिरतो आणि लायनर ड्रमला घासतात. दांड्याला पुढे सरकायला जागा असते ती काही सेंटिमीटरच. लायनर झिजले आणि स्लॅक आवळला नाही, तर त्यातली बरीचशी जागा लायनर ड्रमपर्यंत पोहोचवण्यातच खर्ची पडते. उतारावर ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर जातो. दांडा शेवटाला टेकतो. पेडल पूर्ण दाबलेलं, हवाही भरपूर, तरी गाडी धावतेच आहे, अशी ती अवस्था.

यातली घातक गोष्ट ही की सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर हा दोष जाणवतच नाही. सकाळी टोलनाक्यावर गाडी व्यवस्थित थांबते, ढाब्यावर थांबते, पंपावर थांबते. दोष कळायला घाट लागतो, आणि तिथे सुधारायला वेळ नसतो. म्हणूनच ‘कालपर्यंत ब्रेक चांगले होते’ हे अपघातानंतरचं वाक्य खरं असू शकतं, आणि तरीही गाडी महिनाभर धोकादायक असू शकते. पान्याने स्लॅक आवळायला एका चाकाला काही मिनिटं लागतात. नव्या गाड्यांत स्लॅक आपोआप जुळतो. पण त्यालाही ग्रीस लागतं, आणि दांडा किती सरकतो हे कोणीतरी वाकून बघावंच लागतं.

पाण्याचंही तसंच. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर हे पाणी, कॉम्प्रेसरचं तेल मिसळून, व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं. व्हॉल्व्ह गंजतात, चिकटतात. टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणं हे रोजचं, एका मिनिटाचं काम. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते चुकवूच नये.

सकाळची पाहणी नीट केली तर दहा-पंधरा मिनिटांत होते. इंजिन चालू करून हवा भरू द्यायची, काटा किती वेळात चढतो ते बघायचं. मग इंजिन बंद करून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्या माणसाने गाडीभोवती फिरत फुसफुस ऐकायची. पेडल पुन्हा पुन्हा मारून दाब उतरवायचा आणि बझर वाजतो की नाही हे तपासायचं. अनेक गाड्यांत या बझरची वायर त्रास नको म्हणून काढून ठेवलेली असते. टायर नुसते लाथेने न बघता टॉमीने ठोकायचे, कारण दुहेरी चाकांतला आतला टायर बसलेला असला तरी बाहेरून दिसत नाही. चाकांच्या नटांभोवती गंजाचे ओघळ दिसले की नट सैल आहे असं समजायचं. टायर बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. कमानपाट्यांत तुटलेलं पान, सरकलेला यू-बोल्ट, स्टेअरिंगच्या जोडांतला खेळ, ट्रेलर असेल तर फिफ्थ व्हीलचं लॉक. शेवटी दिवे आणि रिफ्लेक्टर पुसायचे. हे शेवटचं काम बायकी नटवेपणा वाटून टाळणारे आहेत, पण रस्त्याकडेला बंद पडलेल्या, मागून न दिसणाऱ्या ट्रकवर रात्री किती दुचाकी आणि मोटारी आदळतात हे महामार्गालगतच्या कोणत्याही गावात विचारावं.

ही पाहणी आजवर ज्याने केली तो माणूस आता गाडीवरून उतरतो आहे. क्लीनर. चाकामागे दगड लावणारा, टायर ठोकणारा, मागे उभं राहून ‘आने दो’ म्हणणारा, आणि काही वर्षांनी स्वतः ड्रायव्हर होणारा. नव्या गाड्या कमी बिघडतात, म्हणून मालक एक पगार वाचवतो. खर्चाच्या बाजूने त्याचं गणित समजण्यासारखं आहे. पण पेडल दाबून धरायला एक आणि हवा ऐकायला दुसरा अशी दोन माणसं जिथे लागतात ती तपासणी त्याच दिवशी संपली. शिवाय ड्रायव्हर घडवणारी एकमेव शाळाही बंद झाली. तिच्या जागी आपण काहीच उभं केलेलं नाही, याची मला सगळ्यात जास्त चिंता वाटते.

देशातले बहुतांश मालवाहू ट्रक एक-दोन ते पाच गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. गाडीवर कर्ज, महिन्याचा हप्ता ठरलेला, भाड्याचा दर मात्र दलालाच्या हातात. गाडी गॅरेजला दोन दिवस उभी राहिली की मालकाचं दुहेरी नुकसान: खर्च होतो आणि भाडं बुडतं. ड्रायव्हरला पैसे फेरीवर मिळतात, म्हणजे उभ्या गाडीत त्याचीही कमाई शून्य. तो फोन करून सांगतो, ‘शेठ, मागचे ब्रेक ओढत नाहीत.’ उत्तर येतं, ‘माल टाकून ये, मग बघू.’ शेठ दुष्ट असतो असं नाही. माल वेळेवर पोहोचला नाही तर पुढची भरणी जाते, आणि ब्रेकचं संकट फक्त शक्यतेतलं असतं, हप्ता मात्र पाच तारखेचा.

डिझेलची गोष्टही अशीच वेतनाशी बांधलेली. अनेक ठिकाणी ड्रायव्हरला ठरलेल्या सरासरीने डिझेल मिळतं. वाचलं तर त्याचं, जास्त लागलं तर त्याच्या खिशातून. म्हणून उतारावर न्यूट्रल. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांपासून ही सवय चालत आली आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात तिला काहीही आधार नाही. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं, चाकंच इंजिन फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा ड्रायव्हर जीव धोक्यात घालून उलट थोडं जास्त डिझेल जाळतो. आणि इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टेअरिंग जातं, टाकीत उरलेल्या हवेवर गाडी सोपवली जाते. ही एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या भाषेत, आकड्यांसकट पटवून दिली तर कित्येक पट्ट्यांवरचे रम्बलर साधणार नाहीत ते साधेल.

थांबवण्याचा अधिकार व्यवस्थेत कसा बसवावा याचं उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढच्या दशकांत गाड्यांच्या बरोबरीने आगारांचं आणि कार्यशाळांचं जाळं उभं राहिलं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्या बांधल्या आणि नव्याने उभारल्या गेल्या. ठरलेले किलोमीटर भरले की गाडी डॉकिंगला, म्हणजे ठरावीक देखभालीला, जाते, मग ती चालती असो वा नसो. फेरी संपवून आलेला चालक दोष लिहून देतो, रात्रपाळीचा मेकॅनिक तो काढतो, आणि सकाळी गाडी मार्गावर पाठवायची की नाही हे आगार ठरवतं. चालकाने तक्रार केली म्हणून त्याचा दिवस बुडत नाही, त्याला दुसरी गाडी मिळते. एसटीच्या गाड्या गेल्या काही वर्षांत जुनाट झाल्या, सुट्या भागांची चणचण भासली, रस्त्यात बंद पडलेल्या लालपऱ्या सगळ्यांनीच पाहिल्या. तरीही दोष सांगणारा आणि दोष काढणारा यांच्यात रोजचा लेखी व्यवहार असणं ही या संस्थेची मोठी कमाई आहे. खासगी मालवाहतुकीत तो व्यवहार फोनवर, तोंडी, आणि अपघातानंतर नाकारण्याजोगा असतो.

दुसऱ्या टोकाला ऊसवाहतूक. गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नाहीत, दिवे नाहीत, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेले. सगळी मदार हुकातल्या एका पिनेवर आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर. कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा काढतात, त्याने फरक पडतो. मात्र काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचं वजन किलोपर्यंत मोजणारा कारखाना तिची पिन, टायर आणि दिवा त्याच काट्यावर का बघत नाही, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडतो.

आता सरकारी तपासणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार वाहतुकीच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं; बोलीत ‘पासिंग’. नवी गाडी दोन वर्षं पास, नंतर आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखभर किलोमीटर सहज चालतो. दोन पासिंगमधल्या दोन लाख किलोमीटरमध्ये टायर झिजून जातात आणि लायनरही संपतात. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि परत येताना उतरवायचे, हा प्रकार या धंद्यातल्या कोणाला नवा नाही. नियमाने टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. ती पासिंगच्या दिवशी असते.

पासिंगची ढिलाई न्यायालयापर्यंत गेली. पुण्यातून दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक तपासायला आरटीओंकडे २५० मीटरचा चाचणीमार्ग हवाच असं बजावलं. पुण्याच्या अवजड गाड्या त्यानंतर दिवे घाट चढून दिवे गावच्या मार्गावर जाऊ लागल्या. त्याआधी डोळ्यांनी बघून गाड्या पास होत होत्या, हे लक्षात घेतलं तर त्या आदेशाचं मोल कळतं. पुढचं पाऊल म्हणजे स्वयंचलित चाचणी केंद्रं. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचं ब्रेकबळ मोजायचं, डावं-उजवं जुळतं का बघायचं, दिवे, धूर, सस्पेन्शन यंत्राने तपासायचं. अवजड वाहनांना या केंद्रांची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून होणार होती; पुरेशी केंद्रं नसल्याने मुदत पुढे सरकत गेली. यंत्र चिरीमिरी घेत नाही, म्हणून मी या केंद्रांच्या बाजूचा आहे. पण रोलरवर मोजले जातात ते बहुधा रिकाम्या गाडीचे थंड ब्रेक, तेही वर्षा-दोन वर्षांतून एकदा. उतारावरच्या तापलेल्या ड्रमचं उत्तर त्या कागदावर नसतं.

ब्रिटनने यावर वेगळा मार्ग घेतला. तिथे गाडीबरोबरच वाहतूकदारालाही परवाना असतो. देखभालीची व्यवस्था दाखवली तरच तो मिळतो, आणि ट्रॅफिक कमिशनर तो काढून घेऊ शकतो. ड्रायव्हरने रोज गाडीभोवती फिरून पाहणी करायची, दोष लिहायचा, तो काढल्याची नोंद त्याच कागदावर व्हायची. कागद किमान पंधरा महिने जपायचे. वार्षिक चाचणीखेरीज काही आठवड्यांच्या ठरलेल्या अंतराने सखोल तपासणी वेगळी. अमेरिकेतही ड्रायव्हरचा दोष-अहवाल कायद्यात आहे, आणि दरवर्षीच्या तीन दिवसांच्या रस्ता-तपासणी मोहिमेत साधारण पाचातली एक गाडी जागच्या जागी थांबवली जाते. कारणांत ब्रेक सर्वांत वर. म्हणजे श्रीमंत देशांतले ट्रक आपोआप निर्दोष असतात असं मुळीच नाही. फरक इतकाच की तिथे थांबवलेली गाडी दुरुस्त होईपर्यंत खरोखर थांबते.

९ फेब्रुवारी २०१५ ला इंग्लंडमधल्या बाथ शहरात एक भरलेला टिपर तीव्र उतारावरून सुटला. चार जण मेले, त्यात चार वर्षांची एक मुलगी. ड्रायव्हर एकोणीस वर्षांचा, परवाना मिळून काही दिवसच झालेले. तपासात ब्रेकची दुरवस्था आणि देखभालीतली बेपर्वाई उघड झाली. खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला. कंपनीच्या मालकाला सात वर्षांहून अधिक आणि मेकॅनिकला पाच वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला. स्टेअरिंगवर जो होता त्याच्यापलीकडे न्यायालय जाऊ शकलं, कारण देखभाल कोणाची जबाबदारी होती हे तिथल्या परवान्यातच ठरलेलं होतं.

आपल्याकडे कलम १९० मध्ये सदोष गाडी चालवणारा आणि चालवू देणारा असे दोघेही येतात. दंड दीड हजार रुपये. दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तिचा रोख प्रत्यक्षात ड्रायव्हरवर जातो. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ड्रायव्हरांनी संप केला तो याच कलमातल्या, अपघातानंतर पळून जाणाऱ्यासाठीच्या दहा वर्षांच्या तरतुदीविरुद्ध. त्या आठवड्यात ड्रायव्हरांच्या शिक्षेवर देशभर चर्चा झाली, मालकाच्या देखभाल-वहीवर जवळपास नाही. आकडेवारीही हेच करते. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. उतारावर न थांबणारा ट्रक वेगातच असतो, त्यामुळे त्याचा झिजलेला लायनर त्याच खात्यात विरून जातो.

देखभाल करणाऱ्यांच्या जिवाचा विचार तर आढाव्यांत येतच नाही, म्हणून दोन शब्द. टिपरचा हौदा वर उचलून, लोखंडी टेकू न लावता खाली काम करणारा फिटर एका हायड्रॉलिक नळीच्या भरवशावर असतो. सुट्या लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना रिंग सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. पिंजऱ्यात ठेवून हवा भरण्याची पद्धत रस्त्याकडेच्या दुकानांत क्वचितच दिसते. पार्किंग ब्रेकच्या चेंबरमध्ये जबर ताणाची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती बोल्टने जखडल्याशिवाय चेंबर खोलणं म्हणजे मृत्यूला हात घालणं. हे शिकवायला आयटीआय आहेत, पण महामार्गावरचे बहुतेक मिस्त्री उस्तादाच्या हाताखाली शिकलेले आहेत, आणि उस्तादाने जे पाहिलं नाही ते त्यांनाही माहीत नाही. त्यात एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. सेन्सर आणि संगणक असलेल्या या इंजिनांपुढे स्कॅनर नसलेला मिस्त्री हतबल होतो, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागलेलाच राहतो. लागलेल्या दिव्यांची सवय झाली की एबीएसचा दिवाही त्यातच हरवतो.

उपाय महागडे नाहीत. योग्यता प्रमाणपत्राबरोबर गाडीची देखभाल-वही सक्तीची करता येईल: स्लॅक कधी आवळला, लायनर कधी बदलले, दोष कोणी कळवला, कोणी काढला. अपघातानंतर पोलिसांनी सर्वांत आधी ती मागावी. पण छोट्या मालकाला एकट्याला शिस्त लावून भागणार नाही, कारण गाडी थांबवण्याची किंमत तो एकटा भरू शकत नाही. माल ज्याचा आहे त्याने ती वाटून घ्यायला हवी. जेएनपीए बंदराच्या पार्किंग प्लाझात कंटेनर आपल्या पाळीची वाट पाहत उभे असतात. चाकण आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या दारात रात्रभर रांगा असतात. साखर कारखान्यांच्या गव्हाणीसमोर तर दिवस-दिवस. हा थांबलेला वेळ आधीच आहे. त्या आवारात एक खड्डा, दोन फिटर, एक रोलर आणि ग्रीसची बादली एवढं असलं तर भरणी व्हायच्या आत गाडी तपासून होईल. ड्रायव्हरने दोष लिहून दिला तर त्या दिवसाचं भाडं बुडणार नाही, एवढी एक ओळ वाहतूक करारात मालवाल्यांनी घालावी. मोठ्या कंपन्या हेल्मेट आणि सेफ्टी शूजशिवाय माणसाला गेटच्या आत घेत नाहीत. गेटबाहेर पडणाऱ्या २८ टनांच्या गाडीच्या लायनरची जाडी विचारणं त्यांना अवघड नाही.